गुरांच्या खालचा पाणवठा

सर,

तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या हाताखालून किती मुलं गेली, त्यातली मी एक. पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची, उत्तर येत असो वा नसो, आधी हात वर करणारी. आता वेण्या गेल्या, केसही निम्मे गेले, आणि हात वर करावा तर समोर कुणी नाही. मी अमेरिकेत ओहायोमध्ये राहते, डब्लिन नावाच्या गावात. गाव आपलं म्हणायचं. घराला घर लागून आहे, प्रत्येक घराला गॅरेज आहे, आणि गॅरेजचं दार वर जाताना किंवा खाली येताना जेवढा माणूस दिसतो तेवढाच दिसतो. तुम्ही इथे आला असतात तर पहिल्याच दिवशी विचारलं असतंत, इथलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. इतकी वर्षं राहून मला ते माहीत नाही. नळातून येतं एवढं माहीत आहे.

आठवीला संस्कृतऐवजी फ्रेंच घेणारे आम्ही मूठभरच होतो. संस्कृतला मार्क चांगले पडतात असं सगळे सांगत असताना माझ्या वडिलांनी मला फ्रेंचला घातलं, कारण त्यांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी मुलगा परदेशी गेला होता. तुम्ही खरे भूगोलाचे. फ्रेंच तुम्ही संध्याकाळच्या वर्गांना जाऊन शिकलेलं, आणि फ्रान्स तुम्ही बघितलेला नव्हता. ते तुम्ही लपवलंही नाहीत. आमच्या पुस्तकात विमानतळाचा धडा होता, हॉटेलचा होता, पॅरिसचा तर होताच. ते सगळे तुम्ही एकेका तासात उरकलेत. 'पॅरिसला काय, कुणीही जाईल,' म्हणालात. एका धड्याला मात्र दोन पानभर खेड्याचं चित्र होतं. एक रस्ता, एक चर्च, शाळा, पावाचं दुकान, मागे टेकडी. त्या चित्रावर तुम्ही वर्ष काढलंत.

रोज एकाने गाव चालायचं. डोळे मिटून फळ्यापाशी उभं राहायचं आणि तुम्ही विचारायचात, 'घरातून निघालीस. डाव्या हाताला काय? उजव्या हाताला काय?' सगळं फ्रेंचमध्ये. चुकलं की तुम्ही तसंच पुढे चालवायचात आणि आम्ही चर्चच्या भिंतीवर जाऊन आपटायचो. वर्ग हसायचा, तुम्ही हसायचा नाहीत. पहिल्याच दिवशी चष्म्यावरून चित्राकडे बघून तुम्ही म्हणाला होतात, 'या बाबाने पाणीच काढलेलं नाही. पाण्याशिवाय गाव बसतं का कुठे?' मग निळा खडू घेऊन फळ्यावर पाणी काढलंत. तो खडू तुम्ही कोटाच्या खिशात वेगळा ठेवायचात, दुसऱ्या कशाला वापरायचा नाहीत.

नंतर ते पाणी फळ्यावरून उतरून वर्गात आलं. पहिला बाक म्हणजे झरा, तिथे पिण्याचं पाणी भरायचं. दुसऱ्या बाकावर धुणं. तिसऱ्या बाकावर गुरांना पाणी दाखवायचं. त्याच्याही मागे शेवटचा बाक रिकामा असायचा, आणि फळ्यावर त्या जागी तुम्ही निळ्या खडूने एक लहान वर्तुळ काढलं होतंत. मी पहिल्या बाकावरची म्हणून झरा माझा. वर्षभर मीच गावाला पाणी दिलं आणि त्याची मला फार ऐट होती. कुणीतरी विचारलं, 'सर, त्या वर्तुळात काय?' तुम्ही म्हणालात, 'तिथेही माणसं पाणी भरतात.' मग विचारलंत, आज तिथे कोण बसेल? कुणी उठलं नाही. गुरांच्या खालचं पाणी, कोण बसणार? तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत, टेबलावरचा तुमचा फिरकीचा तांब्या उचललात आणि स्वतः जाऊन त्या शेवटच्या बाकावर बसलात. उरलेला तास तुम्ही तिथूनच शिकवलंत. आम्हाला माना वळवून मागे बघावं लागत होतं. तुम्ही रागावला आहात हे कळत होतं, पण कशावर ते कळत नव्हतं, आणि घंटा झाल्यावर आम्ही ते विसरलो.

तो तांब्या मला चांगला आठवतो. पितळी, झाकणाला आटे असलेला, प्रवासात नेतात तसला. शाळेत माठ होता, स्टाफरूममध्ये वेगळा होता, पण तुम्ही दोन्हींतलं पाणी कधी घेतलं नाहीत. आम्ही आपसात म्हणायचो, सर फार सोवळ्यातले दिसतात. मी तर घरी येऊन आईलाही हे कौतुकाने सांगितलं होतं. आईने ताट वाढायला घेतलं. तुमचं गाव कुठलं, हेही आम्ही एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'धरणाखाली गेलं,' आणि लगेच पुढच्या मुलाला चालायला उभं केलंत.

तुम्ही गेल्याचं मला एका वर्गमैत्रिणीने फोनवर सांगितलं, दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलता बोलता. तोवर मी इथे आले होते, मुलगी लहान होती, ऑफिसात कामाचा डोंगर होता. मी 'अरेरे' म्हटलं. फ्रेंचचा मला पुढे काडीचाही उपयोग झाला नाही, नोकरी कॉम्प्युटरची लागली. आणि तरी तुमचं ते गाव डोक्यात तसंच राहिलं होतं. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, विमानात, मुलीच्या वेळी हॉस्पिटलात कळा देताना मी डोळे मिटून ते गाव चालले आहे. हे नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. हसला असता.

नवरा शेवटचे काही महिने इथल्या एका नर्सिंग होममध्ये होता. ऑफिस संपवून मी रोज तिथे जायची. शेजारच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई होत्या, दुपार कलली की त्यांचा आवाज चढायचा. तिथली मदतनीस मला एकदा म्हणाली, "डोन्ट माइंड हर. शी जस्ट टॉक्स नॉन्सेन्स दिस टाइम ऑफ द डे." मी भिंतीला कान दिला. नॉन्सेन्स नव्हतं, फ्रेंच होतं. बाई म्हणत होत्या, मला घरी जायचंय, गाईंना पाणी दाखवायचं राहिलंय.

मी दारात जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत ती भाषा मी तोंडाने बोललेच नव्हते. बाई कोट चढवून, चपला उलट्या घालून दाराशी आलेल्या, आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं. घरातून निघालात, मादाम. डाव्या हाताला काय? त्या थांबल्या. मला न्याहाळून म्हणाल्या, 'डाव्या हाताला? डाव्या हाताला पिंपं बनवणाऱ्याचं घर.' आणि पलंगावर बसून, डोळे मिटून चालायला लागल्या.

नवरा गेल्यावर माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. तरी मी जात राहिले, त्याला आता तीन हिवाळे झाले. मुलगी सिअ‍ॅटलला असते. ती म्हणायची, "आई, इट्स रिअली स्वीट. पण तू तुझं काहीतरी कर ना. हायकिंग ग्रुप जॉइन कर. दर वेळी फोन केला की तुझ्या त्या फ्रेंच आजीच." मी बरं म्हणायची. इथल्या मराठी मंडळींची पॉटलक जेवणांची बोलावणी यायची, तीही मी हळूहळू कॅन्सल करायला लागले. तिथे सगळी जोडीने यायची. माझ्याशी बोलताना आवाज मऊ करायची आणि मग पटकन रेसिपीवर यायची. मादाम माझ्याशी मऊ आवाजात बोलायच्या नाहीत, उच्चार चुकला की खेकसायच्या.

आणि मी गेले नाही की त्या बाहेर पडायच्या. एकदा पार्किंग लॉटमध्ये सापडल्या, बर्फात, गाईंना हाका मारत. तेव्हा त्यांच्या मुलाला सांगण्यात आलं, की आता पुन्हा असं झालं तर त्यांना मेमरी केअरला हलवावं लागेल. म्हणजे कोड घातल्याशिवाय दार उघडत नाही तो भाग. तिथल्या खिडक्या आतल्या चौकात उघडतात. मादामच्या खोलीतून एक उतार दिसायचा, खाली झाडं आणि झाडांमागे ओढ्यासारखं काहीतरी. तेवढं त्यांना पुरायचं. त्यांची ती खिडकी जाऊ नये म्हणून मी दुपारच्या मीटिंगा टाळायला लागले, आणि दिवस कलायच्या आत त्यांना गाव चालवायला लागले.

सर, तुम्हाला त्यांचं गाव आवडलं असतं. चुनखडीचं पठार आहे, वर पाणी ठरत नाही, सगळं खाली झिरपतं आणि पठाराच्या पायथ्याशी एकाच ठिकाणी झरा फुटतो. जिथे झरा तिथे गाव, एवढा साधा हिशोब. उतारावर पूर्वी द्राक्षाचे मळे होते. मादामच्या आजोबांच्या लहानपणी वेलींना कीड लागली आणि सगळे मळे गेले. म्हणून पिंपं बनवणाऱ्याचं घर हे नुसतं नाव, वाइनची पिंपं तिथे मादामनीही कधी पाहिली नाहीत. पुढे उजव्या हाताला शाळा, मुलांचं दार वेगळं आणि मुलींचं वेगळं. त्यापुढे लढाईत मेलेल्यांचा दगड. त्यावर एकाच आडनावाचे तीन भाऊ आहेत, आणि त्यांची बहीण म्हणजे मादामची आजी. ती दगडावरून जाताना त्या तीन नावांवरून पदराने धूळ पुसावी तशी ॲप्रनने धूळ पुसायची. मादाम तिथे पोचल्या की त्यांचाही हात पलंगाच्या कडेवरून फिरायचा. मग आणखी एक लढाई, मग जवळच अमेरिकन सैन्याचा तळ. तळाच्या कँटीनमध्ये मादामना नोकरी लागली, तिथे ओहायोचा एक पोरगा भेटला, आणि त्या इथे आल्या. त्यानंतर गावातलं पावाचं दुकान बंद झालं, शाळेची दोन्ही दारं बंद झाली. हे त्यांना कुणीतरी कळवलेलं होतं, पण चालताना त्या ते मानायच्या नाहीत. दुकानातून रोज पाव घ्यायच्या.

एके दिवशी त्या झऱ्यापाशी अडकल्या. चेहरा कावराबावरा झाला, हात कोटाच्या बटणांकडे जायला लागला. मला भीती वाटली, म्हणून मीच पुढे चालवलं, तुमच्या वर्गातल्यासारखं. आधी पिण्याचं पाणी, मग धुण्याची जागा, मग गाईंची. मादामनी डोळे उघडले.

'कुठल्या येड्याने शिकवलं तुला?' त्या म्हणाल्या. 'गाईंना साबणाचं पाणी पाजणार?'

आणि हसायला लागल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या गावात झऱ्याचं पाणी दगडी तोटीतून पडायचं, तिथे माणसं घागरी भरायची. तिथून ते दगडी डोणीत यायचं, तिथे गाई प्यायच्या. आणि सगळ्यात शेवटी छपराखालचं मोठं टाकं, तिथे धुणं. 'जी पितात ती आधी,' मादाम म्हणाल्या, 'चादरी काही पीत नाहीत.'

मी विचारलं, आणि त्याच्या खाली?

'खाली ओढा.'

तिथे कोण पाणी भरतं?

'तिथे?' त्या म्हणाल्या. 'तिथे बदकं.'

त्या दिवशी घरी पोचून गॅरेजमध्ये गाडी बंद केली आणि मी तशीच गाडीत बसून राहिले. गाई खाली का, ते आधी कळलं. वर्गात तुम्ही झरा म्हणालात, पण तुमचं पाणी नदीचं होतं. नदीत गुरं उतरतात, गाळ करतात, म्हणून ती धुणाऱ्या बायकांच्या खाली. चित्र काढणाऱ्याने पाणी काढलं नव्हतं, ते तुम्ही तुमच्या गावाहून आणलंत, जे तोवर धरणाखाली गेलं होतं. मग ते वर्तुळ आठवलं. मादामच्या गावातही गरीब-श्रीमंत होते, भांडणं होती, एकमेकांची तोंडं न बघणारी घरं होती, पण गाईंच्या आणि धुण्याच्या खाली जाऊन पाणी भरा असं तिथे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. फ्रान्सच्या त्या खेड्यात ती जागा नव्हती, सर. ती तुम्ही काढलीत, कारण तुमची घागर तिथे भरली होती. मग तांब्या आठवला. आम्ही तुम्हाला सोवळ्यातले म्हणत होतो.

मला कुणाला तरी सांगायचं होतं. मुलीला फोन केला, पण ती ड्राइव्ह करत होती आणि पाणवठा म्हणजे काय इथपासून तिला सांगावं लागलं असतं. वर्गमैत्रिणीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अगं, आता काय त्याचं. नवरा असता तर बोलले असते. चहा कोमट झाला तरी त्याला चालायचं, त्यामुळे माझं बोलणं पूर्ण व्हायचं. मला तेव्हा फार एकटं वाटलं, सर, आणि लाजही वाटली, आणि या दोन्हींतलं कुठलं जास्त ते कळेना. गॅरेजमधला दिवा आपोआप बंद झाला तेव्हा मी घरात गेले.

गेल्या पानगळीत मी मुलीकडे गेले, तिने तिकीट काढून ठेवलं होतं. चारच दिवस. मदतनीस बाईला मी चालवायची पद्धत शिकवून गेले होते, कागदावर लिहूनही दिलं होतं, पण तिला फ्रेंच येत नाही आणि डावं-उजवं इंग्रजीत विचारलेलं मादामना कळत नाही. परत आले तेव्हा मादामना हलवलेलं होतं. मुलाने कळवलं, की आईच्या सेफ्टीचा प्रश्न आहे. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. आता मला दाराशी कोड घालावा लागतो. खिडकीतून चौक दिसतो, मध्ये दोन कुंड्या आणि एक बाक.

मला वाटलं होतं, त्या मोडून पडतील. तसं झालं नाही, पण त्यांचं गाव गेलं. डाव्या हाताला काय विचारलं की नुसत्या बघतात. गाईंना पाणी दाखवायचं म्हणत नाहीत, कोट मागत नाहीत. तिथल्या मदतनीस बायकांच्या दृष्टीने प्रश्न सुटला. मी रोज जाते आणि बसून राहते. दोघींना बोलायला काही नसतं.

परवा त्यांनी आपणहून तोंड उघडलं. म्हणाल्या, 'आज तू चाल. तुझं गाव.'

मी डोळे मिटले. पुण्याचा आमचा फ्लॅट घेतला. दुसरा मजला, जिना, खाली स्कूटरी, डाव्या हाताला वॉचमनची खुर्ची. फाटकापर्यंत आले आणि पुढे काही लागेना. ती बिल्डिंग पाडून तिथे उंच टॉवर झालाय, तो मी बाहेरूनच पाहिलाय. मग इथलं घर घेतलं. गॅरेज, ड्राइव्ह-वे, डाव्या हाताला गॅरेज, उजव्या हाताला गॅरेज. मादाम माझ्या हातावर बोटं ठेवून वाट बघत होत्या. त्यांचे पाय पांघरुणाखाली चालायला तयार होते. त्यांना असं अर्ध्यात सोडवेना, म्हणून मी तुमचं गाव चालायला लागले.

रस्ता उतरतो. उजव्या हाताला नदी. घरांची नावं मी रचली, झाडं मी लावली, तुम्ही आम्हाला पाण्याखेरीज काही सांगितलं नव्हतंत. पाण्यापाशी आल्यावर मी सांगितलं, आधी पिण्याचं, मग धुण्याचं, मग गुरांचं. मादामच्या कपाळाला आठी पडली. नदी आहे, मादाम, मी म्हटलं, गाई गाळ करतात. त्यांना पटलं. 'आणि त्यांच्या खाली? बदकं?'

मी म्हटलं, नाही, तिथेही माणसं पाणी भरतात.

मला वाटलं, त्या झोपल्या. मग डोळे न उघडता विचारलं, 'आणि तू? तू कुठे भरायचीस?'

तुमचं गाव मी माझं म्हणून सांगितलं, हे तुम्ही कदाचित चालवून घेतलं असतंत. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, तुमच्या गावाला तर नाहीच. पण असता तरी हे पत्र मी पाठवलं नसतं, सर, कारण मादामना काय उत्तर दिलं ते लिहावं लागलं असतं. मला सगळं माहीत होतं तरी विचार करायला क्षणही लागला नाही. अगदी वर, म्हणाले, झऱ्यापाशी.